लिनक्स फोनवर पूर्ण शिफ्ट व्हायचं म्हणतो, नागपुरात कोणी रोज वापरून राहिलं का?

सिव्हिललाइन्स_वकील

नमस्कार मंडळी. मी नागपूरला वकिली करतो, हायकोर्टात आणि जिल्हा कोर्टात दोन्हीकडे, जास्त करून फौजदारी आणि कौटुंबिक मॅटर्स. आजकाल पक्षकार सगळं फोनवरच पाठवतात, एफआयआरचे फोटो, मेडिकल रिपोर्ट, नवराबायकोचे चॅट, बँकेचे स्टेटमेंट, आणि ते सगळं माझ्या साध्या अँड्रॉइड फोनमध्ये पडून असतं जिथे गॅलरी, कीबोर्ड, फाइल मॅनेजर सगळं कंपनीने टाकून दिलेलं आहे, काढताही येत नाही आणि नेमकं काय कुठे पाठवतं तेही कळत नाही. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाऊ नये याची कायद्यात तरतूद आहे, पहिले पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. पण ते कलम मला लागू आहे, माझ्या फोनमधल्या कीबोर्डला नाही, अन् मी रोज त्याच कीबोर्डवर पक्षकारांची नावं टाइप करून राहिलो. म्हणून अँड्रॉइड सोडून फोनवरही लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम वापरायचं मनात आहे.

२४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आमच्या पिढीच्या वकिलांना पाठ आहे, गोपनीयता हा मूलभूत हक्क, नऊ न्यायमूर्तींचं खंडपीठ आणि त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही. २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या त्यानंतर मी जास्तच विचार करायला लागलो. एक म्हणजे ऑगस्टमध्ये गुगलने जाहीर केलं की ओळख पडताळणी न केलेल्या डेव्हलपरचं ॲप सर्टिफाइड अँड्रॉइड फोनवर सरळ टाकता येणार नाही, सुरुवात २०२६ मध्ये काही देशांपासून. दुसरं, नोव्हेंबरच्या शेवटी दूरसंचार खात्याचा आदेश निघाला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकून द्या, मग ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. मागे घेतली हे चांगलंच, पण विकत घेतलेल्या वस्तूत काय राहील काय नाही हे मी सोडून बाकी सगळे ठरवू शकतात हे दोन्हींतून दिसलं.

लॅपटॉपवर बरीच वर्षं उबंटू हे लिनक्सच वापरतो, कमांड टाइप करायच्या टर्मिनलची भीती नाही. सिम जिओचं आहे. बजेट वीस हजारांच्या आत. मला कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप, यूपीआय, कॉजलिस्टच्या (कोर्टातल्या त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या) पीडीएफ आणि ईकोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर तारखा पाहणं एवढं लागतं. कोणता फोन घेऊ आणि खरंच रोजच्या कामात निभतं का, ज्यांनी वापरलं त्यांनीच सांगा, यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून झाले.

धरमपेठ_टर्मिनल

वकीलसाहेब, मी वनप्लस सिक्सवर पोस्टमार्केटओएस हे फोनसाठीचं लिनक्स रोज वापरतो. सगळ्यात पहिले सिमचं सांगतो कारण बाकी लोक ॲपवर वाद घालत बसतात आणि फोन हातात आल्यावर कळतं की कॉलच लागत नाही.

जिओकडे टूजी-थ्रीजी मुळातच नाही, ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेव्हापासून नाही, म्हणजे जिओवर साधा कॉल करायचा तरी फोनला व्होल्टे, म्हणजे फोरजीवरूनच आवाजाचा कॉल, यायला पाहिजे. आणि व्होल्टे हीच लिनक्स फोनची दुखरी नस आहे. व्होल्टे कॉलसाठी फोनला आधी सिम कंपनीच्या आयएमएस या कॉल जोडणाऱ्या सर्व्हरवर नोंदणी करावी लागते, ती करणारं सॉफ्टवेअर चिप बनवणाऱ्याचं आणि फोन बनवणाऱ्याचं बंदिस्त असतं, अँड्रॉइडच्या बाजूला बसलेलं, आणि प्रत्येक ऑपरेटरची सेटिंग वेगळी. अँड्रॉइड काढून शुद्ध लिनक्स टाकलं की तो तुकडा निघून जातो. माझ्याकडे त्यामुळे नेट फोरजीवर चालतं आणि कॉल आला की फोन टूजीवर उतरतो, कॉल चालू आहे तोवर नेट बंद. एअरटेलने थ्रीजी बंद केलं पण टूजी ठेवलं आहे, व्हीआयचंही टूजी आहे, म्हणून त्यांच्यावर कॉल होतात. तुमच्या जिओ सिमवर माझ्या फोनवरून एकही कॉल होणार नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग पुढचं.

आता फोन. यात दोन घराणी आहेत. एक घराणं अँड्रॉइडचे ड्रायव्हर तसेच ठेवून वर लिनक्सचा संसार मांडतं, उबंटू टच आणि सेलफिश त्यातले. उबंटू टच कॅनॉनिकलने २०१७ मध्ये सोडून दिलं, तेव्हापासून यूबीपोर्ट्सची मंडळी चालवतात. सेलफिश फिनलंडच्या योलाचं, नोकियातून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेलं. या घराण्यात कॅमेरा वगैरे हार्डवेअर बरं चालतं आणि काही मोजक्या फोनवर व्होल्टेही होतं, पण खाली कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जुना आणि कंपनीच्या फाइली तशाच. दुसरं घराणं मेनलाइन कर्नलवालं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर जो कर्नल तोच फोनवर. पोस्टमार्केटओएस, मोबियन हे त्यातले. पोस्टमार्केटओएस २०१७ पासून आहे, अल्पाइन लिनक्सवर बांधलेलं, वर्षातून दोनदा जून-डिसेंबरला नवी आवृत्ती. फोन दहा वर्षं चालला पाहिजे या ध्यासातूनच ते सुरू झालं. वनप्लस सिक्स २०१८ च्या मे महिन्यात आपल्याकडे ३४,९९९ ला आला होता, कंपनीने अँड्रॉइड ११ वर त्याला सोडून दिलं, आणि मी त्याच फोनवर ताजा कर्नल चालवून राहिलो.

तिसरे म्हणजे मुद्दाम लिनक्ससाठीच बनवलेले, पाइनफोन आणि लिब्रेम फाइव्ह. लिब्रेम तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर. पाइनफोन सुरुवातीला १४९ डॉलरला होता, पण बाहेरून मागवायचा, त्यावर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी, आणि आतला ऑलविनर ए-६४ प्रोसेसर इतका हळू की वकिलाच्या दोनशे पानी पीडीएफला तुम्ही वैतागाल.

मिळतं काय ते सांगतो. फोन सुरू करताना कुठलंही अकाउंट मागत नाही. मी तो वायफायवर घेऊन टेबलावर ठेवला आणि राउटरवर बसून पाहिलं की हा कोणाकोणाशी बोलतो, तर घड्याळ जुळवायला एनटीपी आणि अशीच एखादी बारीक चौकशी, बाकी सामसूम. बाजूला घरातला दुसरा अँड्रॉइड फोन होता, स्क्रीन बंद, कोणी हात लावलेला नाही, आणि त्याच्या ओळी स्क्रीनवर थांबतच नव्हत्या. मला नाव माहीत नाही असे कितीतरी पत्ते. त्या दिवसानंतर मला कोणाला हे पटवून द्यायला भाषण करावं लागत नाही, मी ते दोन लॉग शेजारी शेजारी दाखवतो.

इतवारीवाला

दादांनी सिमचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो कारण माझं इतवारीत किराण्याचं दुकान आहे आणि मी स्वतः हा प्रयोग करून बसलो आहे.

यूपीआयचं ॲप लिनक्स फोनवर चालत नाही. चालवता येईल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ॲप आधी तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवून फोन आणि नंबर एकमेकांना बांधते, वरून हा फोन गुगलने मान्य केलेला आहे का ते प्ले इंटिग्रिटीने तपासते. वेड्रॉइड म्हणून एक सोय आहे, लिनक्सच्या आत अँड्रॉइडचा डबा चालतो, त्यात बरीच साधी ॲप उघडतात, पण पैशाचे ॲप तिथे दारातूनच परत पाठवतात.

नेटबँकिंग ब्राउझरवर व्यवस्थित होते, ओटीपी एसएमएसने येतो तो लिनक्स फोनवरही येतोच. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, डिजिलॉकर, सगळं वेबसाइटवरून होते. अडते ते फक्त चौकातल्या क्यूआरवर. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं आहे, नंबर डायल करून आवाजावर पैसे पाठवता येतात, आणि त्याच्या आधीपासून *९९# आहेच, दोन्हीला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. माझे काही म्हातारे गिऱ्हाईक तेच वापरतात अन् व्यवस्थित वापरतात. पण मागे लाइन लागली असेल तर ते जमत नाही, वेळ लागते.

मी शेवटी काय केलं, जुना अँड्रॉइड दुकानाच्या गल्ल्यात ठेवला, त्यात फक्त बँक आणि यूपीआय, दुसरं काहीच नाही, कॉन्टॅक्टसुद्धा नाही. खिशात लिनक्स फोन आणि थोडी रोकड. मेट्रोला कार्ड आहे, पेट्रोलला डेबिट कार्ड. माझं म्हणणं आहे की पैशाचा फोन आणि माणसांचा फोन वेगळा असणं ही चांगलीच गोष्ट आहे, लिनक्स असो नसो.

मिहान_नाइटशिफ्ट

मी सिक्युरिटीतच काम करतो म्हणून थोडं वेगळं बोलतो, टर्मिनलभाऊंनी राग मानू नये. सरांनी विचारलं प्रायव्हसीसाठी आणि कंट्रोलसाठी. लिनक्स फोन कंट्रोल देतो यात वादच नाही. प्रायव्हसीचं मात्र कोणापासून ते आधी ठरवा, कारण उत्तर त्यावर बदलतं.

जाहिरातवाल्या कंपन्यांपासून? लिनक्स फोन उत्तम. ऑपरेटरपासून? काही फरक नाही. टॉवरला तुमचा फोन कुठे आहे ते कळतंच, फोनचा ओळख नंबर म्हणजे आयएमईआय कळतो, कोणाला किती वेळ कॉल केला ते सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत जातं. सर तुम्ही तर रोज कोर्टात सीडीआर पाहता, २०२१ च्या डिसेंबरपासून तो निदान दोन वर्षं ठेवायचा नियम आहे. आत उबंटू आहे की अँड्रॉइड, त्या सीडीआरमध्ये दिसत पण नाही.

आणि वर जो टूजीचा मुद्दा आला तो लोक चालतंय म्हणून सोडून देतात, मला तो सगळ्यात जास्त खटकतो. टूजीमध्ये टॉवर फोनची ओळख तपासतो पण फोन टॉवरची ओळख तपासत नाही, त्यामुळे कोणी खोटा टॉवर उभा केला तर फोन मुकाट्याने जोडला जातो. त्याचं जुनं ए-५/१ एन्क्रिप्शन कधीचंच मोडलेलं आहे. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंनी ओळख तपासली जाते. म्हणजे पक्षकाराचं बोलणं गुप्त राहावं म्हणून लिनक्स फोन घ्यायचा आणि तोच पक्षकार फोन करणार तेव्हा टूजीवर बोलायचं, वकिलासाठी मला हे मान्य नाही.

फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर? तिथे मी ग्राफीनओएस सांगीन. तेही अँड्रॉइडच आहे, गुगल काढून टाकलेलं, फक्त पिक्सेल फोनवर बसतं. पिक्सेलमध्ये टायटन एम-२ म्हणून वेगळी चिप आहे, पिन चुकत गेला की ती पुढचे प्रयत्न लांबवत जाते. फोन बराच वेळ अनलॉक झाला नाही तर आपोआप रीस्टार्ट होतो, डीफॉल्ट १८ तास, आणि रीस्टार्ट झाला की डेटा उघडायच्या किल्ल्या मेमरीतून जातात. बूट होताना सिस्टिममध्ये कोणी ढवळाढवळ केली का ते तपासलं जातं. लिनक्स फोनवर यातलं काही नाही, आणि ॲप एकमेकांपासून वेगळे ठेवायची व्यवस्थाही अर्धवट आहे, एका प्रोग्रामला होम फोल्डरमधलं बहुतेक सगळं वाचता येतं. ग्राफीनओएसवर जिओ व्होल्टे चालतं, व्हॉट्सॲप चालतं, काही बँकांचे ॲप चालतात काहींचे नाही.

धरमपेठ_टर्मिनल

राग कशाचा, टूजीचं तुम्ही बरोबरच बोलले. म्हणून मी महत्त्वाचे कॉल टूजीवर घेतच नाही, नेटवरून घेतो, त्यासाठी जित्सी हे कॉलचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं.

पण दोन गोष्टींवर माझं म्हणणं आहे. पिक्सेलवर मॉडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, मुख्य चिपच्या आसपास बसलेला आणि तो बंद झाला की नाही हे सॉफ्टवेअर सांगेल तसं मानायचं. पाइनफोनमध्ये मॉडेम वेगळा, यूएसबीवर जोडलेला, आणि मागचं झाकण काढलं की सहा बारीक स्विच दिसतात, एकाने मॉडेमची वीज जाते, एकाने वायफाय-ब्लूटूथची, माइकचा वेगळा, दोन्ही कॅमेऱ्यांचे वेगळे. सेफ्टीपिनच्या टोकाने सरकवावे लागतात एवढे लहान आहेत. माइकचा स्विच खाली केला की सिस्टिममध्ये कोणी शिरलं तरी आवाज जाणार कुठून, तारच तुटली. लिब्रेममध्ये तेच बाहेर बाजूला आहे, तीन मोठे स्विच, झाकण काढायची गरज नाही. वनप्लसवर हे नाही हे मी कबूल करतो.

दुसरं असं की ग्राफीनओएस कोणत्या फोनवर चालेल हे शेवटी गुगल कोणता फोन कसा काढते यावर अवलंबून. आज पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे दुसरी सिस्टिम टाकू देणारं सुरुवातीचं कुलूप, उघडतो, उद्या नाही उघडला तर? मला अशा यंत्रावर राहायचंय जिथे मी स्वतः पॅकेज बनवून टाकू शकतो आणि कोणाची परवानगी लागत नाही. सुरक्षा आणि मालकी या दोन्ही पाहिजेत, पण आज दोन्ही एका फोनमध्ये मिळत नाहीत. ज्याने त्याने आपलं काम पाहून निवडावं.

बर्डी_रिपेअर

भाऊ तुमचं सारं वाचलं, मी बर्डीवर रिपेअरिंगचं दुकान चालवतो, हे पोट्टे माझ्याकडूनच जुने वनप्लस घेऊन जातात म्हणून सांगतो. जुना फोन घ्याचा असंल तं चार गोष्टी पाहून घ्या नाहीतं पैसे बुडतात.

पहिलं म्हणजे डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंगचं बटन सुरू होते का ते दुकानातच पाहा, ते राखाडी दिसलं अन् दबत नसंल तं तो फोन घेऊच नोका, त्याचा बूटलोडर उघडत नाही. आधीच्या मालकाचं अकाउंट निघालं का पाहा, रिसेट मारून नवीन सुरू करून पाहाचा, जुन्या माणसाचा ईमेल मागत असंल तं परत द्या. फोन चोरीचा तं नाही ना हे पाहाले आयएमईआय काढा, स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबलं की दिसते, अन् मेसेजमध्ये केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर पाठवा, सरकारकडून उत्तर येते. ब्लॅकलिस्ट आलं तं घ्याचा नाही, तुम्ही तं वकील आहात तुमाले जास्त समजते. अन् बिल मागाच, बिलाशिवाय मी सोता कोणाकडून घेत नाही.

वनप्लस सिक्सची पाठ काचेची हाये, बहुतेक फुटलेली असते, काच फुटली तं भाव पाडून घ्या कारण काच बदलता येते, पण काचेतून पाणी गेलं असंल तं बोर्ड जाते. बॅटरी बदलूनच घ्या, इतकी जुनी बॅटरी नागपूरच्या मे महिन्यात फुगते, मी दरसाल पाहतो, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले फोन पाठीचं झाकण उचलून येतात. अन् पाइनफोन कोणी आणला असंल तं त्याले सॅमसंग जे-सेव्हनची बॅटरी बसते, ती बर्डीवर कुठंबी भेटते, बाहेरून मागवाची गरज नाही.

अनलॉक केलं की फोनमधलं सारं पुसल्या जाते हे लक्षात ठेवा, आधी काढून घ्या.

सिव्हिललाइन्स_वकील

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. सिमचा मुद्दा कोणी व्हिडिओत सांगितलाच नव्हता.

मिहानभाऊ, कोणापासून हा प्रश्न तुम्ही नेमका विचारला. माझं उत्तर असं आहे की सीडीआर कायद्याने मागवला जातो, त्याची एक पद्धत आहे, त्याला कोर्टात आव्हान देता येतं, मी देतोही. मला त्रास आहे तो ज्याला कुठलीच पद्धत नाही त्याचा. माझ्या एका पक्षकार बाईंनी फक्त मला रिपोर्ट पाठवला आणि आठवड्याभरात त्यांना त्याच आजाराच्या औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या, त्या मला विचारत होत्या की साहेब तुम्ही कोणाला सांगितलं का. कदाचित त्यांच्याच फोनमधून गेलं असेल, मी सिद्ध करू शकत नाही, पण माझ्या फोनमधून गेलं नाही हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नाही. मला ते सांगता यायला पाहिजे.

अजून दोन शंका. मराठी नीट दिसतं का, आणि ईकोर्ट्सचं काय. शिवाय व्हॉट्सॲपचं अजून कोणी बोललं नाही.

हिंगणा_रोड

सर मी इंजिनिअरिंगला आहे, पोस्टमार्केटओएस पोको एफ-वनवर वापरते. मराठीचं सांगते. नवीन टाकल्यावर देवनागरीच्या जागी चौकोन चौकोन दिसतात, मला आईचा मेसेज आला आणि अख्खा मेसेज चौकोनात. अल्पाइनमध्ये नोटो देवनागरी फॉन्टचं पॅकेज आहे ते टाकलं की सगळं दिसतं, जोडाक्षरंसुद्धा नीट. पण टाइप करणं वेगळी गोष्ट आहे, स्क्रीनवरच्या कीबोर्डवर मराठी आपल्या अँड्रॉइडसारखी बोलून किंवा सुचवून टाइप होत नाही, एकेक अक्षर दाबावं लागतं. मला ते हळू वाटतं आणि मी अजूनही लांब मराठी लॅपटॉपवरच लिहिते.

ईकोर्ट्सचं ॲप नाही पण वेबसाइट फायरफॉक्सवर चालते, केसचा सीएनआर नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा, तारीख दिसते. माझे काका वकील आहेत त्यांना मी करून दाखवलं. पीडीएफ उघडतात, पण उभ्या स्क्रीनवर कॉजलिस्टचे कॉलम बारीक दिसतात, आडवा करून पाहा. फोन यूएसबी-सी हबने मॉनिटरला जोडला तर छान झालं असतं पण माझ्या मॉडेलवर तो डिस्प्ले बाहेर येत नाही, घेण्याआधी पोस्टमार्केटओएसच्या विकीवर आपल्या मॉडेलचा तक्ता पाहायचा, तिथे कॅमेरा, कॉल, जीपीएस, सगळ्यापुढे चालतं का नाही लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यावर अजिबात विसंबू नका, कागद स्कॅन करायला तर नाहीच.

व्हॉट्सॲप लिनक्सवर नाही. मी व्हॉट्सॲप वेब वापरते, मुख्य अकाउंट घरच्या जुन्या फोनवर, तो फोन चौदा दिवसांत एकदा तरी सुरू करावा लागतो नाहीतर सगळीकडून लॉगआउट होतं. आणि हो, २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार खात्याने मेसेजिंग ॲपसाठी अजून एक आदेश काढला होता की ॲप सिमशी बांधलेलं पाहिजे आणि वेबवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांनी निघालं पाहिजे, त्यामुळे वेबच्या भरवशावर कामाची घडी बसवू नका सर. टेलिग्राम लिनक्सवर सरळ चालतं, सिग्नलच्या अधिकृत ॲपला पहिल्यांदा नोंदणी करायला अँड्रॉइड किंवा आयफोन लागतोच.

मिहान_नाइटशिफ्ट

सर, तुमची अडचण वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. तुम्हाला एकाच फोनवर सगळं करायची गरजच नाही. तुमच्या केसमध्ये लिनक्स फोन सिमशिवाय वापरा. खरंच. कागदपत्रांचा फोन म्हणून. कॉल आणि यूपीआय तुमच्या आत्ताच्या जिओवाल्या फोनवर राहू द्या, त्यातून पक्षकारांचं सगळं काढून टाका, आणि लिनक्स फोन त्याच्या हॉटस्पॉटवर चालवा. टूजीचा प्रश्न मिटला, व्होल्टेचा मिटला, आणि पक्षकाराची फाइल अशा यंत्रावर राहिली ज्यात जाहिरातवाल्याचं काहीच बसलेलं नाही.

एक अट आहे. इन्स्टॉल करताना फुल डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे पासफ्रेजशिवाय डेटा वाचता न येणं, चालू करा, पोस्टमार्केटओएस बसवायच्या पीएमबूटस्ट्रॅप टूलमध्ये त्याचा पर्याय आहे, नंतर करता येत नाही, परत पहिल्यापासून टाकावं लागतं. आणि पासफ्रेज लांब ठेवा, चार आकडी पिन नको, कारण इथे चुकीचे प्रयत्न अडवणारी वेगळी चिप नाही, कोणी डिस्कची कॉपी काढून कॉम्प्युटरवर हवे तेवढे अंदाज लावू शकतो. सहा-सात असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी चालतील, फक्त गाण्याची ओळ किंवा म्हण नको. आणि दिवसाचं काम संपलं की फोन लॉक नाही, पूर्ण बंद करायचा, चालू फोनमध्ये किल्ली मेमरीत असते.

इतवारीवाला

हे मला पण पटलं. खर्चही कमी, जुना फोन आणि नवी बॅटरी एवढंच.

सिव्हिललाइन्स_वकील

मिहानभाऊ, हे जमण्यासारखं आहे, माझा सगळा हिशोब एका फोनभोवती अडकला होता. या शनिवारी बर्डीवर येतो, बटन दबून दाखवतील तोच फोन घेतो. ताई, नोटोचं लिहून ठेवलं, आणि कागद स्कॅन करायला ऑफिसात स्कॅनर आहे.

एकच राहिलं. पक्षकार व्हॉट्सॲपवरच पाठवणार, गावाकडून येणारा माणूस, कोणी काटोलचा कोणी उमरेडचा, त्याला मी सिग्नल टाक म्हणू शकत नाही, त्याच्याकडे मुलाचा फोन असतो. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की ते माझ्या जिओवाल्या फोनवर येणारच.

धरमपेठ_टर्मिनल

त्याला माझ्याकडे उपाय आहे. नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या मशीनवर फाइली ठेवायचं सॉफ्टवेअर, तुमच्या ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपवर बसवा, त्यात फाइल ड्रॉप म्हणून लिंक बनते. ती लिंक पक्षकाराला एसएमएसने पाठवायची, त्याने दाबली की ब्राउझर उघडतो, फोटो निवडा आणि पाठवा एवढंच दिसतं. त्याला काही टाकावं लागत नाही, अकाउंट लागत नाही, आणि त्या लिंकवरून त्याला दुसऱ्या कोणाचं काही दिसतही नाही, फक्त टाकता येतं. तुमच्या लिनक्स फोनवर ते नेक्स्टक्लाउडमधून उघडायचं.

प्रत्येक पक्षकाराला वेगळी लिंक द्या आणि तिला शेवटची तारीख लावा, तारीख उलटली की लिंक मरते. ऑफिसच्या इंटरनेटला स्थिर आयपी (न बदलणारा पत्ता) नसेल तर बाहेरून पोचायला अडचण येईल, तुमच्या प्रोव्हायडरला आधी विचारा, काही जण मागितल्यावर महिन्याला थोडे पैसे घेऊन देतात. डेस्कटॉपच्या डिस्कलाही एन्क्रिप्शन पाहिजे, आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, ती घरी. आमच्या भागात लाइट जाते तशी सिव्हिल लाइन्सला जात नसेल तरी यूपीएस लावाच. शनिवारी बर्डीवर येताना मला मेसेज करा, मी पण येतो, फोन तिथेच लॅपटॉपला जोडून फास्टबूट हे सिस्टिम टाकायचं टूल त्याला ओळखतं का ते पाहून मगच पैसे देऊ.